रविवारचा आवाज

३ ऑगस्ट, रविवार. विटा

समाजकार्याच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचायला मला नेमकं काय पडलं, ते एकदा मांडून ठेवतो. फीची पावती फायलीत आहे, ती किरकोळ बाब. खरा खर्च असा: सालेमच्या गलाईच्या दुकानाची किल्ली थोरल्या पोराच्या हातात गेली, आणि आता मी फोन केला की तोच मला विचारतो, 'बोला, काय काम होतं?' बारावीच्या पेपरला पर्यवेक्षकानं 'पालकांनी बाहेर थांबावं' म्हणून वर्गाबाहेर काढलं, त्यात दहा मिनिटं गेली. पथनाट्यात बाईचं काम मिळालं, त्यात मिशी गेली. बायकोचा, शालूबाईचा, सतरा दिवसांचा अबोला. आणि सकाळच्या सहाच्या एसटीत 'आजोबा, बसा' म्हणत उठलेली पोरं, आजअखेर चार.

वय चौपन्न. बत्तीस वर्षं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करत होतो. भट्टी, तेजाब म्हणजे जळतं ॲसिड, आणि धूर. शाळा सातवीला सुटली होती, पण कान सुटले नाहीत. सोन्याची लगडी फरशीवर टाकली की नुसत्या आवाजावरून भेसळ सांगायचो. माणसाचंही तेच. गिऱ्हाईक दारात 'नमस्कार' म्हणालं की माल चोरीचा आहे का घरचा, ते मला कळायचं.

परवा कॉलेजात 'ऐकून घेण्याचं कौशल्य' हा तास होता. मी उभा राहून आईचं सांगितलं. आई वाडीतल्या बंगल्यात एकटी राहायची, मी सालेमला. दर रविवारी सकाळी आठला माझा फोन. एक रविवार चुकवला नाही, लॉकडाऊनमध्येसुद्धा नाही, अगदी ती गेली त्या आठवड्यापर्यंत. नुसत्या 'हालो'वरून कळायचं, रात्री झोप लागली का नाही. शेवटी शेवटी तर स्वभाव किती मऊ झाला होता! आधी 'दुकान कसं चाललंय' एवढं विचारून फोन ठेवायची. शेवटची दोनेक वर्षं मात्र 'पाणी पिलास का रं? भट्टीम्होरं लय येळ उभा ऱ्हाऊ नगं' असं काय काय बोलायची. गेली तीही झोपेत, कुणाला त्रास न देता.

"काळजीनं ऐकलं की असं सगळं कळतं," असं मी वर्गाला सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. संयोगिता मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

क्षेत्रकार्य सुरू. आठवड्यातले दोन दिवस गावात जायचं, घरोघरी माहिती घ्यायची आणि कोण काय बोललं ते शब्दशः वहीत लिहायचं. मी मागून आमचीच वाडी घेतली. जोडीला कुंडलची माया आहे, वीस वर्षांची, स्कूटर जोरात चालवते आणि मला नाथाकाका म्हणते.

आमची गल्ली मी पहिल्यांदाच मोजली. एकोणीस बंगले. त्यातल्या चौदांना कुलूप. मालक सगळे गलाईवाले; कोइमतूर, गुवाहाटी, लुधियाना. यात्रेला आठ दिवस येतात. एरवी अंधार पडला की चौदा बंगल्यांचे दिवे आपले आपण लागतात आणि आपले आपण विझतात. पाठीमागच्या पठारावर पवनचक्क्या फिरत असतात, त्यांचा हू हू आवाज भरदुपारीसुद्धा थांबत नाही. माया म्हणाली, "काका, सगळं इतकं स्वच्छ झाडलेलं आहे, की कुणीतरी आत्ताच उठून आत गेल्यासारखं वाटतं."

झाडणारी दगडाबाई. सत्तरी ओलांडलेली, गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत राहते. चौदा घरांच्या किल्ल्या कमरेला असतात, त्यामुळे ती दिसायच्या आधी वाजते. माझ्या आईची जिवाची मैत्रीण. पंचमीला बायांच्या खेळात सोंगं आणायची ती हीच. तलाठी, सासू, एसटीचा कंडक्टर, सगळे तिच्या तोंडात. आजही मायाची नक्कल मायाच्याच तोंडावर करून दाखवली, "काका, हेल्मेट घाला नं!" मायानं दचकून मागं पाहिलं.

मला म्हणाली, "उन्हातनं आलायस, पाणी पिलास का रं नाथा?" आमच्या वाडीत सगळ्या बाया असंच विचारत असणार.

माहिती तिनंच दिली. "या घरात किती माणसं, काकू?"

"पाच."

"कुलूप आहे की."

"कुलूप आसंना. पाच हायती."

"कुठं?"

"हायती की. तिकडं."

चौदाही घरं तिनं अशी भरून दिली. माझ्या घरात चार सांगितली. मी, शालूबाई आणि दोन पोरं धरून चार बरोबर होतात, म्हणून मी तसंच लिहिलं. माया म्हणाली, राहणारी माणसं लिहायची, काका.

माझ्या शेजारचं घर हरणाबाईंचं; पोरगा जयराज कोइमतूरला गलाईत. तिथं मात्र कुलूप नाही. दगडाकाकू दारातच आडवी झाली. "हरणी निजलीया. फुडल्या येळंला बघा."

१६ ऑगस्ट, शनिवार

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो. अंगात ताप नाही, ऊन लागलेलं नाही, डबा खाल्ला होता.

दुपारी बारा. माया पलीकडच्या आळीत होती. दगडाकाकू दिसली नाही, म्हणून मी हरणामावशीच्या घरात गेलो. आतल्या खोलीत अंधार, खाटेवर मावशी, अंगावर वाकळ, तोंड भिंतीकडं. चारपाच उदबत्त्या एकदम पेटवलेल्या. मी म्हणालो, "मावशे, मी नाथा. शेजारच्या धोंडीचा." तिनं मान वळवली, ओळखलं, हसली नाही. बोलली नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. माझ्या घरातून. माझ्या कुलूपबंद घरातून.

"अरं जया, मला काय धाड भरलीया! ठणठणीत हाय मी! सकाळी दोन भाकरी थापल्या, आंगण सारवलं..." आणि मग हसणं. ते हसणं अख्ख्या वाडीला माहीत आहे. हरणामावशीचा पुढचा दात लहानपणीच पडला, म्हणून ती हसली की शेवटाला बारीक शीळ वाजते.

शीळ वाजली.

मी खाटेकडं पाहिलं. मावशीचे ओठ मिटलेले. डोळेही मिटलेले, आणि त्यातून पाणी गालावरून खाली कानाकडं चाललेलं. पलीकडून तिचाच आवाज म्हणत होता, "इवू नगं येवढ्यात, धंद्याचा मोसम कर दिवाळीपतुर. ठिवते."

मी धावत बाहेर आलो. माझ्या फाटकाला कुलूप. फाटकाच्या दांडीला कोळ्याचं जाळं, न तुटलेलं. हाक मारली. पवनचक्की तेवढी बोलली.

१८ ऑगस्ट, सोमवार

शालूबाई म्हणते, वाडीतून आल्यापासून तुम्ही झोपेत बोलताय.

"काय बोलतोय?"

"काय न्हाई. नुसतं व्हय, व्हय म्हणताय. फोनवर म्हणावं तसं."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मॅडमनी माझी वही परत दिली. वहीत चार रकाने असतात: वेळ, कोण बोललं, काय बोललं, विद्यार्थ्याला काय वाटलं. सोळा तारखेच्या पानावर दुसऱ्या रकान्याभोवती लाल गोल.

"काका, तुम्ही लिहिलंय, बोलणारी व्यक्ती हरणाबाई. खाली लिहिलंय, हरणाबाई खाटेवर गप्प पडून होत्या. दोन्ही कसं?"

"मॅडम, आवाज त्यांचाच होता. माझ्या कानाची खात्री आहे."

"आवाज कुणाचा ते मी विचारत नाहीये. बोललं कोण?"

सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या बाईपुढं मी चष्मा पुसत बसलो. मग त्यांनी चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. "आणि हा रकाना तुम्ही पहिल्या दिवसापासून कोरा सोडताय."

"वाटायचं काय त्यात? मी नोंद करायला जातो."

"बरं," म्हणाल्या. त्यांचं 'बरं' फार लांब असतं.

दुपारी वाडी. आज मायाला पुढं घातलं. ती सरळ आत गेली आणि तिनं वाकळ उचलली. उदबत्त्या कशाला होत्या ते मला तेव्हा समजलं. मावशीचा डावा पाय. अंगठा काळा पडलेला, वर घोट्यापर्यंत सूज. साखरेचा आजार जुनाच. उपकेंद्राच्या नर्सबाई दोनदा पट्टी करून, मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्या, अशी चिठ्ठी लिहून गेल्या होत्या. चिठ्ठी उशाखाली.

दगडाकाकू आली ती किल्ल्या वाजवत. मी म्हणालो, "काकू, आज गाडी बोलावू. मिरजेला नेऊ."

"पोराबिगर जायाची न्हाई म्हणती."

"मग तिच्या जयराजला फोन करा!"

मग दगडाकाकू म्हणाली, "भट्टीवरच्या माणसाला वाईट खबर द्यायची न्हाई. ठावं न्हाई व्हय तुला? तू बी भट्टीचाच न्हवं?"

ठाऊक आहे. आमच्या गल्लीतल्या बायांचा हा नेमच. समोर भट्टी, हाताशी तेजाबाचं भांडं. मन क्षणभर उडालं की हात गेला. म्हणून घरी ताप आला, म्हैस मेली, भाऊ भांडला, काही कळवायचं नाही. 'सगळी बरी हायती' एवढंच. मी स्वतः या नेमावर बत्तीस वर्षं निर्धास्त झोपलो.

माया बाहेर येऊन म्हणाली, "काका, दिवस कमी आहेत. पाय वर वर काळा होत जाईल."

"तिच्या मर्जीशिवाय उचलून न्यायची का?"

"नाही. पण तिची मर्जी म्हणजे भीती आहे हो नुसती."

वीस वर्षांची पोरगी. मी वहीत लिहून घेतलं.

२४ ऑगस्ट, रविवार

हे वहीत जाणार नाही. इथंच राहील.

रात्रभर तो पाय डोळ्यांपुढं होता, म्हणून सकाळी एकटाच माझी जुनी स्कूटर घेऊन निघालो. मावशीला एकटीला गाठावं, समजवावं. वाडीत पोचलो तेव्हा आठला दोन कमी. वारा पडलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पवनचक्क्या उभ्या पाहिल्या. गल्लीत कावळासुद्धा नाही. माझ्या घरासमोर स्कूटर बंद केली आणि कानात दडे बसावेत अशी शांतता झाली.

आठ वाजले.

माझ्या घराच्या मागच्या बाजूनं, जिथं आईची खाट असायची, तिथून आवाज आला.

"हालो. नाथा?"

फोनची घंटा वाजली नव्हती.

"व्हय... व्हय... मी बरी हाय. पाणी पिलास का रं?" मग थांबला. माणूस उत्तराला जेवढा वेळ घेतो, बरोबर तेवढा. "भट्टीम्होरं लय येळ उभा ऱ्हाऊ नगं. शालू कुठाय? ...व्हय. ...तिला म्हणावं, कंबरंला शेक दे."

माझ्या आईचा आवाज. 'नाथा'मधला 'था' ती जरा ओढायची, तसाच ओढलेला. ती जाऊन पावणेचार वर्षं होत आली. मी फाटकाची दांडी धरून उभा, ती दांडी थंडगार. आवाज थांबला की मधल्या जागेत माझे ओठ हलत होते. 'व्हय आई. पिलो.' ते मी म्हणालो का नुसतं मनात आलं, आता सांगता येत नाही.

"बरं. ठिवते. फुडल्या आयतवारी."

मग मागं कुठंतरी बारीक किणकिण झाली. देवघरातली घंटा वाऱ्यानं हलली असेल. वारा नव्हता.

मी मागं जाऊन बघायला पाहिजे होतं. कुंपण कमरेएवढं आहे, मीच बांधलंय. पण मी स्कूटर ढकलत मारुतीच्या देवळापर्यंत नेली, तिथं चालू केली आणि विट्याला आलो. मावशीला भेटलोच नाही.

शालूबाईनं विचारलं, "जाऊन आलात, मग काय म्हणत हुती?"

"कोण?" मी असा ओरडलो की तिच्या हातातला तांब्या पडला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

जयराजला कोइमतूरला फोन लावला. मॅडमना विचारून. त्या म्हणाल्या, "त्यांची संमती मिळवायचा प्रयत्न आधी करा. पण जीव जात असेल तर गुपित पाळत बसू नका." मी दुसरं वाक्य धरलं.

जयराज माझ्या धाकट्या भावासारखा. खेळीमेळीत सुरुवात केली, मग पायाचं सांगितलं. तो ऐकून हसला.

"नाथाआण्णा, परवा आयतवारी बोललो की मी आईशी! अर्धा तास. दोन भाकरी थापल्या म्हणाली."

"ती खाटेवर आहे रं. पाय काळा पडलाय."

"कुणाचा पाय बघितला तुमी? आवं, मी रोज बोलतो. माझ्या आईचा आवाज मला कळत न्हाई व्हय? नुसत्या हालोवरनं सांगतो मी, रात्री झोप लागली का न्हाई."

पुढं तो काय बोलला ते मला आठवत नाही. माझंच वाक्य, माझ्याच थाटात, तारेवरून परत आलं होतं. कानात लगडी फरशीवर पडल्यासारखा आवाज झाला, आणि त्यात भेसळ होती.

किल्ल्या. देवघरातली घंटा नव्हे, किल्ल्या वाजल्या होत्या.

म्हणजे हरणामावशीच्या जागी दगडाकाकू बोलते. पंचमीची सोंगं आणणारी बाई, तिला काय अवघड? आमच्या मागच्या ओट्यावरच तेवढी फोनची रेंज येते, किल्ली तिच्याकडं, मागून शिरते. फाटक उघडायला लागतच नाही. इतकं साधं.

आणि रविवारचं? तेही तीच. जुन्या मैत्रिणीची आठवण काढते म्हातारी, एवढंच. आमचं जयराजसारखं नव्हतं. माझ्या बाबतीत असं काही चाललं असतं, तर मला कळलं असतं.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

घरात गणपती बसला आणि दहाला मी वाडीत. मायाला बोलावलं नव्हतं, तरी ती आरती टाकून आलेली.

दगडाकाकू माझ्याच मागच्या ओट्यावर बसलेली. पदरात दोन फोन. एक हरणामावशीचा, दुसरा बटणाचा, काळा, मेलेला. तो मी ओळखला. आईला मीच घेऊन दिला होता.

"काकू, हे काय?"

"आयतवारचं आठ वाजलं की तोंड ऱ्हात न्हाई रं," ती म्हणाली. लाजल्यासारखी. "सवय."

मी पुढं विचारलं नाही. मावशीचा पाय महत्त्वाचा होता. म्हणालो, "जयराज माझं खरं मानत नाही. त्याला तुमचं खरं वाटतं."

ती तट्‌दिशी उठली. "मी न्हाई सांगायची! माझ्या अर्जुनाला मीच सांगितलं हुतं. बा गेला म्हणून. फोन कानाला आन् हातात तेजाब. मागनं त्याची माणसं म्हणाली, वळून 'काय?' म्हणाला, येवढंच. एकाच आठवड्यात दोन तिरड्या उचलल्या या गल्लीनं. तवा तू सालेमला हुतास."

होतो. मला त्या वेळी कळवलं नव्हतं कुणी. भट्टीवर होतो ना.

माया आत मावशीपाशी बसली होती. तिनं आम्हाला हाक मारली. मावशी पहिल्यांदाच बोलली, आवाज घोगरा, फाटका. हा आवाज फोनवर गेला असता, तर जयराज त्याच रात्री गाडीत बसला असता. म्हणूनच तर तिनं तो लपवला होता.

"नाथा, हिकडं बस. येक विचारते, खरं सांग. तुझी आई, धोंडी, गेली ते तुला कवा कळलं?"

"गेल्यावर, मावशे. सकाळी फोन आला."

"आन् आलास कवा?"

"दुसऱ्या दिवशी. तोवर झालं होतं सगळं."

"मग काय बघितलंस?"

"राख," मी म्हणालो.

मी समजावायची सगळी वाक्यं पाठ करून आलो होतो, पुस्तकातली, मुद्द्यांसकट. मायानं माझ्या दंडाला हात लावून मला गप्पच ठेवलं.

मग मावशी दगडाकाकूकडं बघून म्हणाली, "दगडे, सांग त्येला. पर आदी भट्टीपासनं लांब हो म्हण."

"तू बोल की गं."

"मी बोलले तर रडीन निस्ती. तू माझ्यावानी सांग."

ओट्यावर चौघं आलो, मावशीला खाटेसकट. मी आणि मायानं खाट धरली. दगडाकाकूनं फोन लावला, पदर सारखा केला, घसा खाकरला, आणि तिच्या तोंडातून हरणामावशी बोलली. मावशी खाटेवर पडून स्वतःला ऐकत होती.

"जया? भट्टीवर हाईस का? ...मग खाली ठिव हातातलं. ठिवलंस? ...भाईर ये. रस्त्याव ये. ...आलास? आता आईक. पाय सडलाय माझा. लय दुखतंय. तू ये."

मधे काहीच नाही. पवनचक्कीची दोन पाती वरून खाली आली, एवढा वेळ.

"खोटं बोलत हुते मी," ती मावशीच्या आवाजात म्हणाली, आणि त्याच आवाजात रडायला लागली. खाटेवर खरी मावशीही रडत होती. कोणतं रडणं कुणाचं, ते माझ्या कानांना वेगळं करता आलं नाही.

३० ऑगस्ट, शनिवार. मिरज

जयराज गुरुवारी रात्री निघालेल्या गाडीनं काल पोचला. त्याची वाट बघत थांबलो नाही. त्यानं फोनवर आईला 'जा' म्हटल्यावर बुधवारीच आम्ही मावशीला मिरजेला आणलं होतं. दोन बोटं काढली. डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवस गेले असते तर पाय नाही, माणूसच गेलं असतं.

जयराज उशाशी बसून आहे. आई काही बोलली की तिच्या ओठांकडं बघतो. कानावर त्याचा भरवसा राहिलेला नाही. मला बाहेर येऊन म्हणाला, "आण्णा, किती दिवस मी दगडाकाकूशी बोलत हुतो?"

"दीडेक महिना."

"दीड महिना, आन् मला कळलं न्हाई!" त्यानं स्वतःच्या तोंडात मारून घेतली. मी त्याचा हात धरला आणि त्याची समजूत घातली. चांगली घातली. तू थकलेला असतोस, नक्कल फार हुबेहूब आहे, कुणीही फसलं असतं, असं म्हणालो. मनात म्हणत होतो, मी फसलो नसतो.

६ सप्टेंबर, शनिवार

वही तपासून आली. मॅडमनी सत्तावीस तारखेच्या पानावर शेरा दिलाय, 'उत्तम नोंद.' आणि चौथ्या रकान्यात बारीक अक्षरात, 'इथं अजून कोरं आहे. घाई नाही.'

१४ सप्टेंबर, रविवार

हरणामावशी परवा घरी आली. तिला बघायला वाडीत गेलो. जयराज यात्रेपर्यंत थांबणार आहे. दगडाकाकू भाकरी थापत होती, मावशीच्याच चुलीवर, मावशीच्या आवाजात जयराजला रागवत. तो हसत होता, पण तिच्याकडं पाठ करत नव्हता.

निघताना ती फाटकापर्यंत आली. कमरेच्या झुबक्यातून माझ्या घराची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मग पदराआडून एक पत्र्याची पेटी काढली, आईची पानाची. "ठिवून घे. मला आता न्हाई संभाळवत."

"काय आहे यात?"

"तुझ्या आईनं माझा हात उचलून आपल्या टाळक्याव ठिवला हुता, शपथ घातल्यावानी. डाव्या हातानं. तवा मी काय करणार? येक सांगते, नाथा. फोन दरवेळी तिच्या कानापाशी धरायची मी. तू बोलायचास ते समदं ती आईकायची. बोलायची तेवढी मी."

मी म्हणालो, "काकू, चार-सहा दिवस कधी तिचा घसा बसला असेल, तेव्हा ना?"

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "पाणी पिलास का?" स्वतःच्या आवाजात.

पेटी घरी येऊन उघडली. काताचा डाग पडलेला कागद, विट्याच्या एका दवाखान्याचा. शालूबाईनं वाचून दाखवला, माझा चष्मा सापडत नव्हता. उजवी बाजू लुळी. वाचा पूर्ण गेलेली, परत येण्याची शक्यता नाही. रुग्णाचं नाव धोंडुबाई. खाली तारीख, १४ ऑगस्ट २०१९.

मी त्या वर्षी चैत्रात आलो होतो. दिवाळीला धंद्यामुळं जमलं नाही. पुढची दोन वर्षं रस्ते बंद, यात्रा बंद.

आई गेली ९ डिसेंबर २०२१ ला, गुरुवारी. शालूबाईनं जुनी कॅलेंडरं काढली आणि बोट ठेवत मोजलं. दोन तारखांच्या मधे एकशे एकवीस रविवार आहेत.